परत न ठेवता

मंगळवारी सहा ते नऊ, कॉलेजच्या तळघरात
माझं टेबल. वर पाटी: गणितात मदत, फुकट.
खिडकी जमिनीलगत आहे, तिच्यातून दिसतात
टोलीडोच्या बर्फातून जाणारे नुसते बूट.
मी मोजत बसते. काळा, तपकिरी, काळा, काळा.
लाल दिसला की दिवस चांगला.
संख्याशास्त्र सांगणाऱ्या बाईला हे शोभत नाही,
माहीत आहे.

आज आधी रीमा आली, नर्सिंगची.
शंभरातले सत्तर चहा पितात, सत्तर कॉफी,
तर निदान एक काहीतरी पिणारे किती?
तिची संभाव्यता आली होती एक पूर्णांक चार.
"म्हणजे नक्कीपेक्षाही नक्की," ती म्हणाली,
आणि आम्ही दोघी इतक्या हसलो
की पलीकडचा भूमितीवाला दचकला.
अगं, दोन्ही पिणाऱ्यांना तू दोनदा मोजलंस.
"दोन्ही पिणारी मीच," म्हणाली,
"मला दोनदा मोजलं तर बिघडलं काय?"

आठला वेंडेल नोविकी. वय एकसष्ट.
काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस,
मग कारखान्यालाच कुलूप.
आता नव्या अर्जावर एक चौकोन रिकामा राहतो,
त्यासाठी हा कोर्स.
टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो, देवळात आल्यासारखी.

खोक्यात बारा बल्ब, तीन खराब.
दोन काढले, परत न ठेवता.
दोन्ही चांगले निघण्याची संभाव्यता काढा.

नऊ छेद बारा, मी म्हटलं.
आता खोक्यात उरले किती? अकरा.
त्यातले चांगले? आठ.
त्याने पेन्सिल खाली ठेवली.
"पण मॅम, ते तीन खराब झाले कशाने?"

पुस्तकात नाही ते.

"खराब नग एकटा येत नसतो.
भट्टी रुसली की अख्खी पाळी रुसते.
एक बुडबुडा दिसला
की पुढचे चाळीस आम्ही न बघता बाजूला काढायचो.
तिघं शेजारी शेजारीच असणार, कोपऱ्यात."

खोकं नीट हलवलंय असं धर, मी म्हटलं.

"बल्बचं खोकं," तो शांतपणे म्हणाला,
"कोण हलवतं?"

गडहिंग्लजच्या शाळेत कोरगावकर सर
'यादृच्छिक' म्हणताना कवळी हाताने सावरायचे.
आम्ही तो शब्द पाठ केला, गुण मिळवले.
खोकं कोण हलवतं, हे चाळीस मुलींत
एकीनेही विचारलं नाही.

मग मी त्याला आमची म्हण सांगितली:
कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.
दोन घटना, संबंध शून्य, समजलं?
इंग्रजीत ती फारच लांब झाली,
कावळा मध्येच उडून गेला असता.
वेंडेलने सगळं ऐकलं, मान हलवली.
"फांदी आधीच किडलेली होती का?
ते कुणी तपासलं?"

पावणेनऊला त्याने उत्तर लिहिलं.
बहात्तर छेद एकशे बत्तीस,
काटछाट करून सहा छेद अकरा.
खाली बारीक अक्षरात: खोकं हलवलं असेल तर.
परीक्षेत हे लिहू नकोस, असं म्हणायला हवं होतं.
परीक्षेत त्याला शून्य गुण आहेत,
कदाचित एखादा वजासुद्धा.
मी बरोबरची खूण केली, तीही दोन्ही ओळींना मिळून एकच.

उठताना त्याने माझा पाण्याचा ग्लास उचलला,
ट्यूबलाइटखाली धरून सावकाश फिरवला.
चार वर्षं मी त्यातून पाणी पितेय.
"इथे बघा." काठाखाली, मोहरीएवढा,
हवेचा एक थेंब.
"चालून जाईल," म्हणाला. "मी पास केला असता.
पण पुढचे चाळीस बघितले असते."

टोपी घातली. जिन्यावर पावलं वाजली,
मग खिडकीत त्याचे बूट आले, जरा थांबले,
आणि मला रंग बघायचा राहून गेला.